खोटा बेडूक आणि खरी मरळ

गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून मासा धरणे ही गोष्ट समजायला सोपी आहे. माशाला वास लागतो, तो खायला येतो आणि अडकतो. पण रबराचा पोकळ बेडूक, लाकडाचा रंगवलेला मासा किंवा नुसता चकचकीत पत्र्याचा तुकडा दोऱ्याला बांधून पाण्यातून ओढला तर? त्याला ना वास, ना चव. तरीही मासा त्याच्यावर झडप घालतो, आणि तीही गांडुळावर घालत नाही इतक्या जोराने. हे कसे?

प्रश्न मासेमारीचा दिसतो खरा, पण त्याचे उत्तर बरेचसे तुमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात आहे. ते शोधण्यासाठी आपल्याला एकच करायचे आहे. काठावरून पाण्याकडे पाहण्याऐवजी पाण्यातून काठाकडे पाहायचे.

उदाहरणासाठी एक ठिकाण ठरवून घेऊ. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील कर्जत तालुका घ्या. रायगड जिल्ह्यातले घाटाखालचे कर्जत वेगळे. आगगाडीमुळे तेच लोकांना आधी आठवते. आपले कर्जत पर्जन्यछायेतले, कोरडवाहू. मासेमारीचा विषय काढला तर लोक हसतील असे. परंतु या तालुक्याच्या दक्षिण कडेने भीमा वाहते. अष्टविनायकांपैकी सिद्धटेक याच तालुक्यात, भीमेच्या काठी आहे. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि खाली अडलेल्या भीमेचा फुगवटा या काठापर्यंत येऊ लागला. काठालगतचे पाणी उथळ, संथ आणि उन्हाने चांगले तापणारे. त्यात शेवाळ आणि जागोजागी जलपर्णी. आणि जलपर्णीच्या कडेला, सावलीत, दबा धरून बसलेली मरळ.

मरळीचे शास्त्रीय नाव चन्ना स्ट्रायाटा. अंग लांबट व गोल, डोके सापासारखे चपटे, तोंड मोठे. छोटे मासे आणि बेडूक हे तिचे खाद्य. ती भक्ष्याचा पाठलाग करीत फिरत नाही. एका जागी थांबते आणि भक्ष्य टप्प्यात आले की झेपावते. म्हणून पूर्वीपासून लोक तिच्यासाठी गळाला जिवंत बेडूक लावत आले. हल्लीची हौशी मंडळी रबराचा बेडूक वापरतात.

गरम पाण्यातला श्वास

मासे पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतात. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. १० अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ११.३ मिलिग्रॅम, २० अंशांना ९.१ आणि ३० अंशांना अवघा ७.५ मिलिग्रॅम. उलट माशाच्या शरीरातील क्रिया तापमानाबरोबर वेगाने चालतात. तापमान १० अंशांनी वाढले तर त्याची प्राणवायूची गरज ढोबळ मानाने दुप्पट होते. म्हणजे उन्हाळ्यात उत्पन्न घटते आणि खर्च वाढतो.

आता हवेकडे पाहा. ३० अंशांच्या एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो, म्हणजे तेवढ्याच पाण्यातल्यापेक्षा छत्तीसपट! हा साठा डोक्यावर हातभर अंतरावर असताना तो का वापरू नये? मरळ तो वापरते. कल्ल्यांच्या वर तिच्या डोक्यात एक पोकळी असते. पृष्ठभागाशी येऊन ती त्या पोकळीत हवा भरून घेते. इतकेच नव्हे, तर या हवेवाचून तिचे भागत नाही. जाळ्यात अडकून तिला वर येता आले नाही, तर मरळ पाण्यात असूनही गुदमरून मरते. उन्हाळ्यात डबके आटले तरी ओल्या चिखलात ती दिवस काढते, तेही याच जोरावर.

मरळ पृष्ठभागाशी येऊन हवा घेते तेव्हा पाण्यावर एक लहानसे वर्तुळ उमटते आणि जाणत्या माणसाला तिचा पत्ता लागतो. हीच खूण जगाच्या दुसऱ्या टोकालाही चालते. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या उबदार नद्यांत आणि खाड्यांत टार्पन नावाचा मोठा रुपेरी मासा असतो. तो दोन मीटरपर्यंत वाढतो आणि त्याचे वजन शंभर किलोच्याही पुढे जाते. त्याचा वाताशय फुफ्फुसासारखे काम करतो. तोही हवा घेण्यासाठी वर येऊन पाठ वळवतो, आणि तेथील गळवाले ती चमकती पाठ पाहूनच आमिष फेकतात. मरळ आणि टार्पन यांचे नाते अगदी दूरचे, पण गरम पाण्याच्या अडचणीवर दोघांनी उपाय एकच शोधला.

पाण्याच्या छतातील खिडकी

आता पाण्याखाली जाऊ. कागदावर आडवी रेघ काढा, ती पाण्याची पातळी. तिच्याखाली एक ठिपका द्या, तो माशाचा डोळा. हवेतून येणारा प्रकाशकिरण पाण्यात शिरताना लंबाकडे वळतो, हे वक्रीभवन (हल्लीच्या पुस्तकांत अपवर्तन) तुम्ही शिकला आहात. पाण्याचा वक्रीभवनांक १.३३३ धरला, तर अगदी क्षितिजावरून, पाण्याला घासून येणारा किरणही पाण्यात लंबाशी ४८.६ अंशांपेक्षा जास्त कोन करू शकत नाही. हाच क्रांतिक कोन.

याचा अर्थ काय झाला? माशाला वरचे सगळे जग, एका क्षितिजापासून दुसऱ्या क्षितिजापर्यंत, डोक्यावरच्या एका गोल खिडकीत कोंबलेले दिसते. खिडकीचा व्यास खोलीच्या सव्वादोन पटींहून किंचित जास्त. मासा एक मीटर खोल असेल तर खिडकी सव्वादोन मीटरची, अर्धा मीटर खोल असेल तर एक मीटरहून थोडीच मोठी. खिडकीच्या बाहेर पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे पाण्याचे छत म्हणजे आरसा. त्यात तळाचेच प्रतिबिंब.

या खिडकीच्या कडेला मोठी गर्दी असते. माशापासून दहा मीटरांवर पावणेदोन मीटर उंचीचा माणूस उभा आहे असे समजा. त्याचे डोके क्षितिजापासून सुमारे दहा अंश वर. पण पाण्यात शिरल्यावर हे दहा अंश आक्रसून केवळ एक अंश होतात! गणित अवघड नाही: ज्या ८० अंशाच्या कोनाने किरण येतो त्याच्या साइनला १.३३३ ने भागा आणि आलेला कोन ४८.६ मधून वजा करा. शिवाय इतक्या तिरप्या प्रकाशाचा जवळजवळ तिसरा हिस्सा पाण्यावरूनच परत फिरतो, म्हणजे माणूस अंधूकही दिसतो. तोच माणूस खाली बसला आणि त्याची उंची नव्वद सेंटिमीटर झाली, तर त्याच्या वाट्याला पाव अंश येतो. काठावर उकिडवे बसून गळ टाकणाऱ्या म्हाताऱ्यांना कोणी साइनची कोष्टके शिकवलेली नसतात.

आणि पाण्यावर तरंगणारा रबरी बेडूक? तो खिडकीच्या बाहेर असेपर्यंत त्याचा पाण्यात बुडालेला भाग, म्हणजे पोट आणि लोंबते पाय, तेवढेच मरळीला दिसतात. खाली खरे आणि वर आरशातले, अशी जोडी. पाठ दिसतच नाही. तो खिडकीत आला की उजळ आकाशावर एक काळी आकृती होते. दोन्ही वेळा पाठीच्या रंगाचा उपयोग शून्य. दुकानात या बेडकांच्या पाठीवर फार सुंदर ठिपके रंगवलेले असतात. ते मरळीसाठी नसून गिऱ्हाइकासाठी असतात, असे माझे मत आहे.

काठावरून पाण्यात पाहतानाही हेच वक्रीभवन फसवते, आणि इथे फसणे महागात पडते. सरळ खाली पाहिले तर पाणी खऱ्या खोलीच्या पाऊणपट दिसते, हे पुस्तकात असते. तिरपे पाहिले तर काय होते, हे बहुधा नसते. तुमचे डोळे पाण्यापासून दीड मीटर उंच आहेत आणि तुम्ही चार मीटर पुढच्या पाण्यात पाहत आहात असे समजा. तेथील दोन मीटर खोल तळ तुम्हाला जेमतेम पाऊण मीटरवर दिसेल! म्हणजे जेथे माणूस बुडेल तेथे मांडीभर पाणी वाटते. फुगवट्याखाली गेलेल्या जमिनी एके काळी शेते होती आणि शेतांत विहिरी होत्या, हेही विसरू नका. अडकलेला गळ सोडवायला 'एवढेच तर पाणी आहे' म्हणून कोणी पुढे जाऊ लागला, तर त्याचा हात धरा आणि तंगूस तोडून टाका. तंगुसाला पैसे पडतात, पण फार नाहीत.

ऐकणे आणि अंगाने ऐकणे

'बोलू नका, मासे पळतील' असे काठावर नेहमी ऐकू येते. हे कितपत खरे? हवेतील ध्वनी पाण्याच्या पृष्ठभागावर आदळला की त्याची जवळजवळ सगळी ऊर्जा परत फिरते. हजारातला एक भाग पाण्यात शिरतो. तेव्हा हळू बोलायला हरकत नाही. मात्र पाय आपटणे, दगड सरकवणे यांची कंपने जमिनीतून थेट पाण्यात जातात, आणि पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने पसरतो. गप्पा चालतील, उड्या चालणार नाहीत.

याशिवाय माशाला आपल्याकडे नसलेले एक इंद्रिय असते. त्याच्या दोन्ही कुशींवरून एक बारीक रेघ जाते, ती पार्श्वरेखा. तिच्यातील सूक्ष्म केसांसारख्या पेशींना जवळपासच्या पाण्याची हालचाल कळते. तिचा पल्ला थोडा, माशाच्या लांबीच्या एक-दोन पट. पण गढूळ पाण्यात आणि अंधारात झडपेचा अखेरचा नेम तीच साधून देते. उजनीच्या हिरव्या पाण्यात, जेथे हातभर अंतरावरचे दिसायची मारामार, तेथे आमिषाचा रंग कोणता यापेक्षा ते पाणी कसे हलवते याला महत्त्व आहे.

इथे पत्र्याच्या चमच्याकडे वळू. अमेरिकेत ज्युलिओ ब्युएल याचा जेवणाचा चमचा तळ्यात पडला, तो डुलत खाली जाताना माशाने त्यावर झडप घातली आणि त्यावरून त्याला आमिषाची कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, त्याने १८५२ मध्ये अशा आमिषाचे पेटंट घेतले हे खरे. चमचा डुलतो का? वाऱ्यात तारा गुणगुणतात ते तुम्ही ऐकले असेल. तारेच्या मागे हवेचे भोवरे एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला सुटतात. स्ट्रौहाल या शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये याचा नियम शोधला: वेगाला वस्तूच्या रुंदीने भागा आणि ०.२ ने गुणा, की भोवऱ्यांची वारंवारता मिळते. चार मिलिमीटर जाडीची तार, सेकंदाला सहा मीटर वारा, वारंवारता ३००. हा झाला तारेचा सूर.

आता दोन सेंटिमीटर रुंदीचा चमचा सेकंदाला अर्धा मीटर वेगाने पाण्यातून ओढा. उत्तर येते सेकंदाला पाच. चमचा स्वतःही हलत असल्याने हे ढोबळ आहे, पण अंदाजाला पुरे. गंमत पुढे आहे. पोहणाऱ्या माशांना हाच हिशोब लावला, रुंदीऐवजी शेपटीच्या फटकाऱ्याची रुंदी घेतली, तर ०.२ च्या जागी बहुतेक माशांत ०.२ ते ०.४ असा आकडा येतो. दहा सेंटिमीटरचा मासा, फटकारा सुमारे दोन सेंटिमीटर, वेग तोच अर्धा मीटर. शेपटी सेकंदाला पाच ते दहा वेळा हलली पाहिजे. म्हणजे चमचा दिसायला माशासारखा नसला, तरी पाण्याला तो बोटभर मासाच वाटतो, आणि मरळीला बातमी देते ती पाणीच.

फिनलंडच्या लॉरी रापाला याने १९३६ मध्ये बुचाचा मासा कोरला, तोही याच विचाराने. त्याला जखमी माशाची डगमग हवी होती. कारण शिकारी मासा कळपातला नेमका डळमळणारा मासा उचलतो, हे त्याने होडीतून पाहिले होते.

झडप

मरळ झडप घालते त्या क्षणी काय होते? दोन किलोची मरळ सेकंदाला तीन मीटर वेगाने उसळली असे धरा. तिचा संवेग सहा किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. काठी ताठ आणि दोरा अजिबात न ताणणारा असेल व मरळ ०.०२ सेकंदात थांबली, तर बल ३०० न्यूटन, म्हणजे तीस किलो वजनाएवढे. सात किलो पेलणारा तंगूस तटकन तुटेल. तोच धक्का काठीच्या वाकण्याने, तंगुसाच्या ताणाने आणि रिळातील घर्षणाने ०.३ सेकंदांवर पसरला, तर बल केवळ २० न्यूटन. क्रिकेटचा चेंडू झेलताना हात मागे घेता तेच हे. पाण्यात असेपर्यंत प्लावक बलामुळे मरळीला वजन जवळजवळ नसतेच. ते सगळे पाण्याबाहेर काढताना एकदम तंगुसावर येते. म्हणून ओंजळीसारखी झोळी खालून घालून तिला उचलतात. टार्पन तर गळ लागताच हवेत उंच उडी घेतो. त्या वेळी तेथील गळवाला काठी पुढे झुकवून दोरा सैल सोडतो. पाहणाऱ्याला वाटते, हा माशाला नमस्कार करतो आहे.

कधी टाकू नये

पावसाळा सुरू झाला की मरळ जलपर्णीत थोडी जागा साफ करून तरंगती अंडी घालते. दिवस-दोन दिवसांत ती फुटतात. पिल्ले लालसर नारिंगी, शेकड्यांनी एकत्र राहणारी. नर, आणि पुष्कळदा मादीही, खाली राहून त्यांची राखण करते. पिल्लांनाही हवेसाठी वर यावे लागते, त्यामुळे पाण्यावर एक लाल, चुळबुळणारा गोळा दिसतो. त्यावरून रबरी बेडूक ओढला तर खालची मरळ हमखास झडप घालते. ही झडप भुकेची नसून रागाची असते. वर्षातील सर्वांत सोपी शिकार हीच. आणि राखणदार गेला की आसपासचे मासे तो गोळा पाहता पाहता फस्त करतात. एका मरळीच्या मोबदल्यात शेकडो मरळी जातात. पाण्यात मरळ नसली की चिलापीला मोकळे रान मिळते. मग तलाव बोटभर माशांनी भरतो.

मोठ्या माशाबाबतही असाच हिशोब आहे. आपल्या रायगडच्या खाड्यांतला जिताडा आणि फ्लोरिडातला स्नूक यांना प्राणिशास्त्रज्ञ पूर्वी एकाच कुळात धरत. दोघेही उबदार खाडीत दबा धरून बसणारे, दोघेही तरुणपणी नर आणि मोठेपणी मादी होणारे. म्हणजे सर्वांत मोठे मासे उचलले की नेमक्या अंडी घालणाऱ्या माद्याच जातात. फ्लोरिडात म्हणूनच ठरावीक लांबीपेक्षा लहान आणि मोठा, असे दोन्ही स्नूक सोडून द्यावे लागतात, आणि वर्षातले काही महिने तो धरायलाच बंदी असते. स्नूक थंडीला फार नाजूक. २०१० च्या जानेवारीत तेथे कडाक्याची थंडी पडली तेव्हा तो मोठ्या संख्येने मेला, आणि त्यानंतर काही काळ बंदी आणखी कडक करावी लागली.

शिक्षकांना एक प्रयोग सुचवतो. त्याला गळ लागत नाही. मोडका स्टीलचा चमचा घ्या, दांडा कापून कडा कानशीने बोथट करा, टोकाला भोक पाडून मीटरभर तंगूस बांधा. शेतावरच्या पाण्याच्या टाकीत तो वेगवेगळ्या वेगांनी ओढा. एकाने अंतर आणि वेळ मोजावी, दुसऱ्याने मोबाइलवर चित्रण करून हेलकावे मोजावेत. वेग दुप्पट केल्यावर हेलकावेही दुप्पट होतात का, ते आलेखावर मांडा. आणि गावच्या तलावात मरळ असेल, तर काठावर बसून अर्ध्या तासात पाण्यावर किती वर्तुळे उमटतात याची नोंद सकाळी सात वाजता एकदा आणि दुपारी दोन वाजता एकदा करा. दोन्ही वेळी पाण्यात तापमापक बुडवायला विसरू नका.